ज्या पाण्याचे जीव, त्याच पाण्यात

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची ओळख आजही तलावांनीच होते. गोंड राजवटीत कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार आणि पावसाच्या पाण्याची वाट ओळखून ते बांधले. नवेगावबांधच्या विस्तीर्ण जलाशयाचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. भातशेतीला पाणी देणे एवढेच या तलावांचे प्रयोजन नव्हते. पाण्याखालचे गवत, काठचे देवधान, कमळे, मासे आणि पाखरे यांची ती नांदती वसाहत होती. या वसाहतीत उपद्रव शिरला तेव्हा काय झाले आणि तो कशाने ओसरला, हे घरातील काचेच्या पेटीत पाणी आणि जीव सांभाळणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने जाणून घ्यावे असे आहे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. दरवर्षी गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची गावाची जुनी व्यवस्था हळूहळू मोडली. तलाव उथळ झाले आणि त्यांच्या काठांवर बेशरम पसरली. ही वनस्पती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणासाठी ती सोयीची ठरली. पण तिची तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली की पुन्हा मूळ धरते. वरवर छाटणी करणारा तिचा नाश करत नाही, तिची लागवडच करतो. तिने उथळ पाण्याची जागा व्यापली तसे तेथील गवत गेले, त्या गवताच्या आश्रयाने वाढणारे देशी मासे घटले आणि तलावावर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या उपजीविकेवर गदा आली.

यावर अर्जुनी मोरगाव परिसरात जो उपाय झाला, तो विषारी औषधाचा नव्हता. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील जुन्या जाणकारांकडून पाण्यातील वनस्पतींची माहिती घेतली. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट उपटण्यात आली, तलावाचा तळ नांगरण्यात आला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पतींची रोपे लावण्यात आली. गावच्या स्त्रियाही या श्रमात उतरल्या. गवत परतले, त्यामागून मासे आले, पाखरे आली. या कामाचे सार एवढेच की, उपद्रवी जीव काढणे हा अर्धाच उपाय आहे. त्याने बळकावलेली जागा मूळच्या रहिवाशांना परत मिळाली, तरच तो पुन्हा येत नाही.

अलीकडे सधन घरांच्या दिवाणखान्यांत समुद्राच्या पाण्याचे ॲक्वेरियम दिसू लागले आहे. रंगीत मासे, दगडांवर वाढणारे समुद्रजीव आणि निळा प्रकाश असा तो थाट असतो. ही पेटी म्हणजे छोटा तलावच. फरक इतकाच की, तिचा बांधणाराही गृहस्थच आणि राखणाराही गृहस्थच. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सागरी पंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ विकत घेणे म्हणजे वाघाचे कातडे विकत घेण्याइतकाच गंभीर अपराध होय.

या पेटीत उपद्रव बहुधा विकतच्या दगडाला चिकटून येतो. एप्टेशिया नावाचे इवलेसे समुद्रफूल त्यांत सर्वांत चिवट. ते खरवडले तर तळाच्या राहिलेल्या कणापासून नवे समुद्रफूल वाढते. एकाची दहा होतात. बेशरमीचाच हा समुद्री अवतार म्हणावा. दुसरा उपद्रव तांबूस चपट्या कृमींचा. औषध घालून ते सारे एकदम मारले, तर त्यांच्या शरीरातील विष पाण्यात उतरते आणि पेटीतील मासेही दगावतात. म्हणून जाणकार आधी बारीक नळीने शक्य तितके कृमी ओढून बाहेर काढतात. तांब्याचे औषध माशांच्या रोगावर चालते. परंतु कोळंबी, शंख, प्रवाळ अशा अपृष्ठवंशी जीवांना ते प्राणघातक असते.

तिसरा उपद्रव लालसर बुळबुळीत थराचा. पाहणारा त्याला शेवाळ समजतो, पण तो सायनोबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंचा थर असतो. गरजेपेक्षा अधिक खाद्य, साचलेली विष्ठा आणि मंद प्रवाह यांतून तो पोसला जातो. औषधाने तो मारला तरी त्याचे मृत अवशेष पाण्यातच कुजतात आणि पुढच्या प्रकोपाचे खाद्य होतात. याच्या उलट, नायट्रेट आणि फॉस्फेट पार नाहीसे होईपर्यंत पाणी निर्मळ करणाऱ्यांच्या पेटीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म तपकिरी जीव उसळतात. अतिरेक अन्नाचा असो वा स्वच्छतेचा, समतोल ढळला की कोणी तरी त्याचा लाभ घेतेच. उपद्रवी जीव दोषी नसतो. पाण्यात काय बिघडले आहे, ते तो दाखवून देतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनी औषधाची बाटली हाती घेण्यापूर्वी नित्याची शिस्त तपासावी. खाद्य थोडे आणि मासे खातील तेवढेच असावे. नळाच्या वा बोअरच्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट येऊ शकतात; म्हणून मीठ शुद्ध केलेल्या पाण्यातच कालवावे. त्याचे प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. गोंदियाच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते, पण मीठ मागे राहते. ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी; खारे पाणी घातल्यास क्षार वाढत जातो. नवा दगड वा नवा जीव चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून, निरखून मगच मुख्य पेटीत सोडावा.

उपद्रवी जीव खाणारे दुसरे जीव आणून सोडण्याचाही प्रघात आहे. बर्गिया नावाची सागरी गोगलगाय केवळ एप्टेशियावर जगते. ते संपले की ती उपाशी मरते. उपायासाठी आणलेला जीवही शेवटी आपल्याच माथी येतो. खरे पाहता नळीने ओढलेला कृमीही वाचत नाही. एकदा प्रकोप झाला की पूर्ण निर्दोष उपाय उरत नाही. यतना असते ती त्याआधीच्या सावधगिरीत.

सर्वांत मोठा धोका मात्र पेटीचा कंटाळा आल्यावर निर्माण होतो. “मारण्यापेक्षा तलावात सोडलेले बरे” हा विचार दयेचा वाटतो, पण तो दयेचा नव्हे. काच स्वच्छ ठेवण्यासाठी दुकानांत विकला जाणारा दक्षिण अमेरिकी सकर मासा आज उजनीच्या जलाशयात पसरला आहे आणि तेथील मच्छीमार त्याने त्रस्त आहेत. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा या मत्स्यालयातील शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. पुढे त्याने भूमध्य समुद्राच्या तळाची हजारो हेक्टर जागा व्यापली. खारे जीव नवेगावच्या गोड्या पाण्यात जगणार नाहीत, तडफडून मरतील. गोड्या पाण्यातील परके मासे आणि वनस्पती मात्र जगतील आणि इतरांना जगू देणार नाहीत.

पाणी गाळून वापरणाऱ्या घरांना हा नियम परका नाही. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत अलगद पोहोचवायची. दुसऱ्या पाण्यात टाकायची नाही, कारण त्यामुळे दोन्हीकडच्या जीवांना पीडा होते. पूर्वजांनी हे सूक्ष्मदर्शकावाचून जाणले होते. पण दूरच्या समुद्रातून दुकानामार्गे आलेल्या जीवाची विहीर कोणती? त्याला परत पोहोचवण्याची वाटच उरलेली नसते. ज्याला त्याच्या पाण्यात परत नेता येणार नाही, त्याला त्या पाण्यातून आणूच नये, हाच या नियमाचा आजचा अर्थ. ज्यांच्या घरी पेटी आधीच आहे, त्यांनी नवी खरेदी थांबवावी, असलेल्या जीवांना त्यांच्या आयुष्याअखेरपर्यंत नीट सांभाळावे आणि सांभाळणे अशक्य झाल्यास ते जाणकार पालकाच्या हाती सोपवावेत. मुलांना रंगीत जलसृष्टी दाखवायची असेल, तर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी त्यांना जवळच्या मामा तलावाच्या पाळीवर न्यावे. तेथे पाण्याखाली गवत डोलत असते आणि पाखरे उतरलेली असतात.