चांदरात आणि मुंबई केंद्र

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की आमच्या रायगडातल्या गावात दोन ठिकाणी गर्दी व्हायची. पुरुष आणि मुले मशिदीमागच्या टेकाडावर, आणि बायका दादीच्या रेडिओभोवती. १९८०च्या दशकाची ती पहिली वर्षे. रमजान भर पावसाळ्यात येत होता. आभाळ काळेकुट्ट, मग चांद दिसणार कुठून? टेकाडावरची मंडळी भिजून परत यायची आणि तीही ओसरीवर रेडिओपाशी बसायची.

अशाच एका रात्री शेजारचे चाचा धावत आले. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता, म्हणून ते रात्री काटा फिरवून तिकडची अरबी केंद्रे लावत. "चांद झाला! उद्या ईद!" ते ओरडले. एका घरातून दुसऱ्या घरात बातमी गेली. कुणी शीरखुर्म्यासाठी खारका भिजत घातल्या, कुणी कपडे काढून ठेवले. दादी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "मुंबई काय सांगते ते ऐकू दे." रात्री उशिरा मुंबई केंद्रावरून कळले की चांद दिसल्याची खबर नाही; तिसावा रोजा ठेवायचा आहे. आम्ही सहरीला उठलो. पण पलीकडची चाची चाचांचे ऐकून निर्धास्त झोपली होती. सकाळी तिला खरे कळले आणि बिचारीने सहरीशिवायच रोजा पूर्ण केला.

चाचा काही खोटे बोलले नव्हते. त्यांनी ऐकलेली ईद खरीच होती, पण ती आखाताची होती. आमच्या पश्चिमेला असलेल्या त्या मुलखात चांद कधी कधी एक दिवस आधी दिसतो. ही गोष्ट मला अलीकडे पुन्हा पुन्हा आठवते. आज दूरच्या बातम्या आपल्या हातातल्या मोबाइलवर क्षणोक्षणी येतात, आणि जवळचे केंद्र लावायचे आपण जवळजवळ विसरलो आहोत. म्हणून या महिन्यात त्या जवळच्या आवाजाची, म्हणजे आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची गोष्ट सांगावी म्हणते.

आधी हे समजून घेऊ की चाचांना आखात ऐकू आले कसे. मुंबई केंद्राचे कार्यक्रम मध्यम लहरींवर येत. या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमीजास्त केली जाते. तिलाच आपण एएम म्हणतो. आभाळात वीज चमकली की तिचाही खडखडाट त्याच लहरीत मिसळतो, म्हणून पावसाळ्यात रेडिओ तडतडायचा. दिवसा या लहरी जमिनीलगत पसरतात आणि केंद्राच्या आसपासच्या काही जिल्ह्यांपर्यंतच पोहोचतात. वर गेलेल्या लहरी वातावरणाचा एक थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून खाली परततात आणि शेकडो मैलांवरची केंद्रे आपल्या रेडिओवर ऐकू येऊ लागतात. म्हणजे दिवसा आपल्या भागाचा असलेला रेडिओ रात्री परमुलखाचाही होतो. चांदरातीला नेमके कुठले केंद्र लागले आहे, हे पाहणे म्हणूनच गरजेचे होते.

मुंबईत रेडिओची सुरुवात हौशी लोकांनी केली. १९२३च्या जूनमध्ये इथल्या रेडिओ क्लबने पहिले कार्यक्रम प्रसारित केले. नियमित केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचे उद्घाटन केले. ते सरकारचे नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या कंपनीचे अध्यक्ष होते मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला. बिनतारी संदेशांच्या धंद्यात पुढाकार घेणारे मुंबईचे उद्योगपती सुलतान चिनॉय यांचेही नाव या काळाशी जोडलेले आहे. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात ही नावे क्वचितच भेटतात. ती घरातून सांगायला हवीत.

केंद्राची ताकद होती अवघी दीड किलोवॅट. साध्या सेटवर ते सुमारे ४८ किलोमीटरपर्यंत ऐकू येई. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. १९२७च्या अखेरीस सगळ्या देशात परवाने होते ३,५९४. कंपनीला पंधरा लाखांचे भांडवल उभारायचे होते. जमले सहा लाख. त्यातले साडेचार लाख मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रे उभारण्यातच गेले. परवान्याच्या पैशांवर घर चालेना. बरेच लोक परवाना न काढताच ऐकत, हेही खरे. अखेर १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले.

पुढच्याच महिन्यात सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. पण तो जगभरच्या मंदीचा काळ होता. खर्च परवडत नाही म्हणून १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने प्रसारण बंद करण्याचा निर्णय घेतला. इथे गोष्ट संपायची, पण संपली नाही. रेडिओ विकणारे व्यापारी आणि रेडिओ ऐकणारी घरे, दोघांनीही गलका केला. ज्यांनी पैसे मोडून सेट घेतले होते ते विचारू लागले की या लाकडी पेटीचे आता करायचे काय? दीड महिना उलटायच्या आत, २३ नोव्हेंबरला, सरकारला निर्णय फिरवावा लागला. पैसे उभे करण्यासाठी परदेशी सेटवरची जकात वाढवून पन्नास टक्के केली गेली. ५ मे १९३२ रोजी प्रसारण कायम ठेवायचे ठरले. १९३४च्या अखेरीपर्यंत परवाने सोळा हजारांवर गेले, आणि ८ जून १९३६ रोजी या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

हा इतिहास वाचताना माझे मन त्या १९३१च्या दीड महिन्यापाशीच थांबते. तेव्हा ऐकणारी घरे मोजकी होती, पण त्यांनी केंद्र आपले मानले आणि मागितले. म्हणून ते राहिले.

केंद्राने ऐकणाऱ्यांकडे पाठ फिरवली तर काय होते, तेही पुढे दिसले. १९५२ साली आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरात गेला. गंमत अशी की हा आवाज मुंबईचाच. त्यांचे थोरले बंधू हमीद सयानी यांनी त्यांना लहानपणी बोट धरून मुंबई केंद्रावर नेले होते. त्यांच्या आई कुलसुम सयानी यांनी मुंबईतल्या निरक्षर बायकांना अक्षरओळख करून देण्यात आयुष्य घालवले. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. भाषा सोपी हिंदुस्तानी, आणि लिपी तीन : देवनागरी, उर्दू, गुजराती. अमीनभाई लहानपणी त्या कामात आईला मदत करत. कोट्यवधी लोकांना कळणारी त्यांची ती साधी बोली या घरात घडली. आकाशवाणीनेही चूक ओळखली. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरमध्ये तिच्यावर जाहिराती लागू लागल्या.

आमच्या घरी मात्र गाण्यांपेक्षा मोठा मान होता मराठी कार्यक्रमांचा. काटा डाव्या टोकाकडे सरकवला की मुंबई 'ब' लागे. तीच आजची अस्मिता वाहिनी. दादी शाळेत गेली नव्हती. घरात आम्ही कोकणी बोलत असू. कुराण शरीफ ती अरबीत पढायची, पण मराठी अक्षर तिला येत नव्हते. तरी तिची मराठी अशी शुद्ध की तलाठीभाऊसाहेब चकित होत. ही मराठी तिला 'वनिता मंडळ'ने दिली. लहान मुलाला जुलाब झाले तर साखर-मिठाचे पाणी द्यावे, हे तिने तिथेच ऐकले आणि मोहल्ल्यातल्या चार सुनांना शिकवले. 'कामगारसभा' लागली की कारखान्यातून घरी आलेले अब्बा कान देत. 'पुन्हा प्रपंच'मधल्या मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तर आम्हाला शेजारीच राहतात असे वाटे. त्यांच्या घरात पुरणपोळी शिजे आणि आमच्या घरात सांदण, पण महिनाअखेरची ओढाताण दोन्हीकडे सारखीच होती. शेजाऱ्याचे घर असे रोज कानांनी पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि दादीसाठी रेडिओचा आणखी एक उपयोग होता. आजोबा जहाजावर होते. आपल्या कोकणातल्या किती घरांची ही कहाणी आहे! समुद्रात वादळाचा इशारा आहे का, हे ती बातम्यांत रोज ऐके. इशारा असला की तस्बीह हातात घेऊन बसे. आजोबा त्या वेळी आफ्रिकेच्या किनाऱ्याला असले तरी तिला त्याने फरक पडत नसे. समुद्र तिच्या लेखी एकच होता.

आता पुन्हा चांदाकडे. रेडिओ आला तेव्हा उलेमांपुढे खरा प्रश्न उभा राहिला : रेडिओवर ऐकलेली गोष्ट ही शहादत मानायची की खबर? साक्षीदार समोर हवा, त्याला विचारता आले पाहिजे. पेटीतून येणाऱ्या आवाजाला कोण विचारणार? मुफ्ती मुहंमद शफी यांनी तर नव्या यंत्रांविषयीच्या शरई हुकुमांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. अनेक उलेमांनी यातून असा मार्ग काढला की जबाबदार हिलाल कमिटीने साक्षीदारांना तपासून निर्णय घेतला असेल, तर रेडिओ तो निर्णय जाहीर करण्याचे साधन ठरू शकतो, आणि त्या भागातल्या लोकांनी त्यावर अंमल करावा. म्हणजे यंत्राला पाक किंवा नापाक ठरवून ते थांबले नाहीत. आवाजामागे कोण आहे, त्याने शहानिशा केली आहे का आणि तो आपल्या भागाला बांधील आहे का, हे त्यांनी विचारले. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खात्री करून घेण्याची जी ताकीद आहे, तीच ही शिस्त. दादीने फिकहची किताब उघडली नव्हती, पण "मुंबई काय सांगते ते ऐकू दे" म्हणताना ती हीच शिस्त पाळत होती.

आज ही शिस्त आपल्या घरात किती उरली आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याशा गावातल्या दंगलीची चित्रफीत येते. ती कधीची, कुठली, कुणी काढलेली, काहीच माहीत नसते. तरी आपण ती पुढे ढकलतो. कधी ती दुसऱ्याच देशातली निघते, कधी दहा वर्षांपूर्वीची. चाचांच्या खबरीने एका चाचीची सहरी चुकली. आपल्या खबरीने कुणाचे दुकान, कुणाचे घर जाऊ शकते. आणि तीच वाईट सवय दुसऱ्या बाजूला असली तर ते दुकान आपलेही असू शकते.

दरम्यान प्रसार भारती देशातले जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. ही यंत्रे वीज फार खातात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि एफएमवर आवाज स्वच्छ येतो, ही कारणे खोटी नाहीत. लहर बदलली म्हणून मी रडत बसणार नाही. अस्मिता वाहिनी मोबाइलवरही ऐकता येते. काळजी वेगळी आहे. १९३१ साली केंद्र बंद करायचा निर्णय होताच लोक ओरडले. उद्या आपल्या जिल्ह्यातले मराठी कार्यक्रम कमी झाले, तर ओरडणार कोण? जे ऐकतच नाहीत त्यांना गेल्याचे कळणारही नाही.

म्हणून एक छोटी विनंती. या आठवड्यात घरात आपल्या भागाचे आकाशवाणी केंद्र एकदा लावा : मुंबई, रत्नागिरी, सांगली, परभणी, जळगाव, जे जवळ असेल ते. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि त्यांना विचारा की त्या काळी काय ऐकत होतात. मुले ऐकतील. एखादा कार्यक्रम आवडला तर केंद्राला पत्र टाका. आपल्या घरच्यांच्या अडचणी, आपले सण, आपली बोली त्यात दिसत नसेल तर तेही अदबीने लिहा. केंद्र सरकारी पैशावर चालते, म्हणजे आपल्याच पैशावर चालते. मागणे हा आपला हक्क आहे.

दादीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. अल्लाह तिची मगफिरत करो. तिचा रेडिओ माझ्या कपाटावर आहे. काटा अजून डाव्या टोकालाच आहे. तो हलवायचा नाही, असे माझ्या नातीलाही ठाऊक आहे. गेल्या चांदरातीला तिच्या मोबाइलवर कुणाचा तरी "चांद मुबारक" आला तेव्हा ती उड्या मारत माझ्याकडे आली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांब नानी, आधी आपल्या कमिटीचे बघू."

तिच्या खापरपणजीला हे ऐकून किती बरे वाटले असते!

अल्लाह आपल्या सर्वांना खरे ऐकण्याची आणि खरे तेच पुढे सांगण्याची तौफिक देवो. आमीन.