खोलीवरचं लाइट बिल : लेकरं उधळतात, मालक लुटतो, की हिशेबच तसा आहे?

दहावीचे निकाल लागले की औसा, निलंगा, चाकूर, अहमदपूरकडून लातूरला जाणाऱ्या एसटीत पालकांची गर्दी दिसायला लागते. क्लासची फी, मेसचा डबा, खोलीचं भाडं, सगळं विचारून होतं. एकच गोष्ट शेवटी येते, ती पण मालक जिना उतरता उतरता सांगतो : "लाइट बिल वेगळं." तेव्हा कोणी काही बोलत नाही. दिवाळीनंतर बोलणं सुरू होतं.

महिन्याला एका लेकरामागं ४००-५०० रुपये लाइटीचे गेले तर दहा महिन्यांत चार-पाच हजार होतात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एक पोतं नाही, जवळपास अख्खा क्विंटल फक्त लाइटीत. तो पण हमीभावानं विकला गेला तर! शेतातल्या साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीला सरकारनं एप्रिल २०२४ पासून बिल माफ केलं, आणि ते वाचलेले पैसे पोराच्या खोलीतल्या मीटरमधून निघून चालले, असा हा प्रकार.

गावात यावर दोनच मतं ऐकू येतात. एक, पोरं माजलीत, पंखा बंद करत नाहीत. दुसरं, मालक लुटतो, सहाची युनिट बाराला लावतो. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण खरी गोम तिसरीकडं आहे.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० जवळपास दुप्पट, त्यापुढं आणखी महाग. मोजायला सोपं जावं म्हणून वहन आकार धरून ढोबळ ६, ११ आणि १४ रुपये धरू. आता समजा एका मजल्यावर चार खोल्या, आठ पोरं आणि मीटर एकच. प्रत्येकानं महिन्याला ४५ युनिट जाळले. एकटं पोरगं असतं तर ते १०० च्या आतच राहिलं असतं, बिल झालं असतं २७० रुपये. पण मीटरला आठ माणसं दिसत नाहीत, त्याला दिसतात ३६० युनिट. पहिल्या १०० चे ६००, पुढच्या २०० चे २,२००, वरच्या ६० चे ८४०. झाले ३,६४० रुपये, माणशी ४५५. स्थिर आकार आणि वीज शुल्क अजून यात धरलेलं नाही. त्यामुळं मालक युनिटला दहा-अकरा मागत असेल तर तो दरवेळी चोरच असतो असं नाही. सरासरीच तेवढी पडते. पण ज्याच्या मीटरवर महिन्याला दीडशेच युनिट पडतात आणि तरी तो बारा लावतो, त्याला मात्र बिल दाखवा म्हणायला पाहिजे.

आता पोरांचं बघा. बिल डोक्यावर वाटून घेतात तिथं बचत होतच नाही. एका पोरानं मन घालून १० युनिट वाचवले तर मीटरवर १४० रुपये वाचतात, पण त्याच्या वाट्याला येतात साडेसतरा. बाकीचे सात जणांच्या खिशात. उलट एखाद्यानं दिवसभर इंडक्शन चालवलं तरी त्याचा भार आठांवर पडतो. सामायिक विहिरीवर ज्याची मोटार मोठी त्याचंच पाणी, तसंच हे. अशात "लाइट बंद कर रे" असं फोनवर रोज सांगून उपयोग काय? प्रत्येक खोलीला सबमीटर असला तर तीच पोरं आपोआप बटणाकडं बघतात.

वाचवायचं तर कुठं वाचवायचं, हेही नीट कळत नाही. आपण ओरडतो मोबाइलच्या चार्जरवरून. मोबाइल पन्नासेक वेळा चार्ज केला तेव्हा कुठं एक युनिट होतं. ९ वॅटचा एलईडी बल्ब शंभर तासांहून जास्त चालला तर एक युनिट. अभ्यासाची लाइट बंद करून काही हाताला लागत नाही, लेकराचे डोळे तेवढे जातात.

खरी वीज खाते ती पाणी तापवायची रॉड. वीस लिटरची बादली हिवाळ्यात अंघोळीजोगी तापवायला अर्ध्या युनिटाच्या वर, साधारण ०.६ युनिट लागतं. आठ जणांचं रोजचं ४.८, महिन्याचं १४४ युनिट. वरच्या उदाहरणात हे १४४ कमी झाले तर ३,६४० चं बिल १,८७६ वर येतं. जवळपास निम्मं! गच्चीवर सोलर हिटर असलेली खोली भाड्यानं दोनशे रुपये महाग असली तरी हिवाळ्यात ती परवडते. पावसाळ्यात आभाळ असलं की सोलरचं पाणी कोमट येतं, ते धरून चालायचं.

रॉडचं दुसरं दुखणं पैशाचं नाही. १५०० वॅटची रॉड साडेसहा अँपिअर ओढते आणि आपली पोरं ती लावतात पंख्या-दिव्याच्या बोर्डावरच्या ६ अँपिअरच्या साध्या पिनेत. वायर तापते, बोर्ड काळा पडतो. अर्थिंग धड नसेल आणि बादलीत हात घालून पाणी गरम झालं का बघितलं, तर काय होईल हे लिहायला नको. खोली बघताना बाथरूमजवळ १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आहे का, अर्थिंग आहे का, हे भाड्याच्या आधी विचारा.

दुसरा खाणारा म्हणजे जुना पंखा. ७५ वॅटचा पंखा दिवसाला १८ तास फिरला तर महिन्याला ४० युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटमध्ये तेवढंच वारं देतो, १६ युनिटांत भागतं. किंमत साधारण अडीच-तीन हजार. वाचतात २४ युनिट, ११ रुपयांनी २६४ रुपये महिना. वर्षभरात पैसे फिटतात. पण घ्यायचा कोणी? मालक म्हणतो बिल मी भरत नाही. पोरगं म्हणतं मी दहा महिन्यांनी जाणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि जुना पंखा फिरतोच आहे. माझं मत असं की दोन वर्षं एकाच खोलीवर राहायचं ठरलं असेल तर खोलीतल्या दोघांच्या पालकांनी मिळून घ्यावा आणि जाताना काढून आणावा. गावाकडं लागतोच.

मालकांसाठी सरकारनं बरंच ठेवलंय. विद्यार्थी वसतिगृहं दरपत्रकात घरगुती वर्गातच धरलेली आहेत, त्यामुळं "आम्हाला कमर्शियल लागतं" हे सांगणं ऐकलं तर बिलावरचा वर्ग बघावा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि तेवढे पॅनल महिन्याला साधारण ३०० ते ३६० युनिट देतात. म्हणजे वरच्या आठ पोरांची सगळी वीज गच्चीवरच तयार झाली. स्मार्ट टीओडी मीटरवर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापराला युनिटमागं ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. पण हे सगळं थांबतं मालकाच्या बिलापाशी. खोलीतला सबमीटर जुनाच, दर जुनाच. पॅनल बसल्यावरही पोराकडून बारानं घेणार असाल तर ती वीज नाही, दुसरं भाडं झालं.

म्हणून खोली ठरवताना मालकाकडून बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मागून घ्या. महावितरणच्या वेबसाइटवर तो टाकला की त्या मीटरचं बिल मोबाइलवर दिसतं. युनिटचा दर, सबमीटर आहे की वाटून घ्यायचं, आणि राहायला गेल्या दिवशीचं रीडिंग, एवढं भाडेपट्टीच्या कागदावर लिहून घ्या आणि सबमीटरचा फोटो काढून ठेवा. क्रमांक द्यायला का-कू करणारा मालक असेल तर शेजारची खोली बघा, जूनमध्ये खोल्या मिळतात. ऑगस्टनंतर मिळत नाहीत.