मदतफेरीचा क्यूआर कोड कोणाच्या नावावर? समजून घ्या नियम

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा संकटात कॉलेजची मुले-मुली चिखल उपसायला धावतात, मदतनिधीही गोळा करतात. श्रमाची नोंद होते. पैशांचीही व्हायला हवी.

श्रमाची नोंद कशी होते?
१९६९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते. शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातही एनएसएस आहे.

वर्गणीचा नियम काय?
नोंदणी नसलेल्या गटाला वर्गणीसाठी कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच.

अडचण कुठे?
निधी एखाद्या विद्यार्थ्याच्या यूपीआयवर आला, की त्याच्या स्वतःच्या पैशांत मिसळतो. पावती नसते. हेतू चांगला असला तरी उद्या संशय त्याच्यावरच येतो.

मग काय करावे?
- फेरी कॉलेजमार्फतच काढा.
- पैसे संस्थेच्या खात्यात घ्या, प्रत्येकाला पावती द्या.
- जमा-खर्च सूचनाफलकावर लावा.
- देणाऱ्यांनीही स्कॅन केल्यावर दिसणारे नाव आधी वाचावे.

हिशेब मागणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. तो चोख असेल, तर पुढच्या संकटात लोक न विचारता खिशात हात घालतील.