भनपुरीच्या भट्ट्या आणि समाजशास्त्राचे काम

‘ऊर्जा-संक्रमण’ आणि ‘शाश्वत विकास’ हे दोन शब्द हल्ली सरकारी पत्रके, उद्योगपतींची भाषणे आणि वृत्तपत्रांचे अग्रलेख यांतून रोज कानांवर आदळत आहेत. कोळसा कमी करायचा, सूर्य आणि वारा यांपासून वीज घ्यायची, पोलाद ‘हरित’ करायचे, असा हा कार्यक्रम. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारत सरकारने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे वचन दिले. २०२५च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू सोडून इतर साधनांची झाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेचा मोठा हिस्सा मात्र अजून कोळशाचाच आहे. म्हणजे खरा बदल अजून पुढेच व्हायचा आहे, आणि तो होताना कोणाचे काय होणार हे ठरवायला वेळ शिल्लक आहे.

कामगार चळवळीने या बदलाला विरोध करावा असे आम्हांस वाटत नाही. चिमणीचा धूर सर्वांत आधी कामगाराच्याच छातीत जातो आणि काळी भुकटी त्याच्याच वस्तीच्या छपरावर बसते. आमचा प्रश्न निराळा आहे. या बदलाचा अभ्यास कोण करतो, आणि कोणाला विचारून करतो? अभियंता उष्णता मोजतो, अर्थशास्त्री टनामागचा खर्च मोजतो. पण भट्टी बंद झाली तर कोणत्या गावाची चूल बंद होईल, कोणाला दुसरे काम मिळेल आणि कोणाला मिळणार नाही, हे सांगणारे शास्त्र समाजशास्त्र आहे. नेमके तेच या चर्चेत दाराबाहेर उभे आहे.

भनपुरीचे चित्र

आमच्या विदर्भातील वाचकांना रायपूर परके नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होता आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला भनपुरीची औद्योगिक वसाहत लागते. पुढे बीरगाव, उरला, सिलतरा असा कारखान्यांचा पट्टा पसरलेला आहे. येथे स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो-अलॉयचे कारखाने आहेत. बस्तर-दल्लीचे लोहखनिज आणि कोरब्याचा कोळसा यांच्या जोरावर हा पट्टा उभा राहिला.

स्पंज आयर्नची कृती समजून घेतली की पुढचा प्रश्न कळतो. फिरत्या भट्टीत लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट घालून हजार अंशांच्या आसपास तापवतात. येथे कोळसा केवळ जळण नसतो. खनिजातला प्राणवायू काढून घेण्याचे कामही तोच करतो. म्हणून विजेची तार बदलून ही भट्टी स्वच्छ होत नाही. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू किंवा हायड्रोजन वापरायचा तर कारखान्याची रचनाच बदलावी लागते. स्पंज आयर्नच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे, आणि त्यातले बहुतांश उत्पादन कोळशावर होते.

दडपण दोन्हीकडून येत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने ‘हरित पोलादा’ची व्याख्या ठरवली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कर्बवायू सोडणारे पोलादच त्या नावाला पात्र ठरते. युरोपीय संघाने सीमेवर लावलेला कार्बन-आकार ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीपुरता होता. जानेवारी २०२६ पासून त्याचा पूर्ण अंमल सुरू झाला. मोठा कारखानदार भांडवल उभे करून भट्टी बदलेल. लहान रोलिंग मिलचा मालक कदाचित जागा विकून मोकळा होईल. आणि कामगार?

२०२४च्या जुलैअखेर वीजदरवाढीविरुद्ध रायपूर भागातील छोट्या पोलाद कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवले. युनिटमागे किती पैसे वाढले, सरकारचा महसूल किती बुडेल, याची भरपूर चर्चा झाली. ठेकेदाराकडच्या रोजंदारी कामगाराच्या किती हजेऱ्या बुडाल्या, हा प्रश्न त्या चर्चेत कडेलाच राहिला. विजेच्या दराचा एवढा वाद झाला तर कामगाराची ही गत. उद्या भट्टीच बदलायची वेळ आली तर काय होईल?

नोकरी आणि काम

समाजशास्त्रीय अभ्यास काय देऊ शकतो याचे उत्तम उदाहरण रायपूरच्या शेजारीच आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९०च्या दशकापासून भिलाईत वर्षानुवर्षे जाऊन कामगारांत राहून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवून दिले की भिलाईचा कामगार ‘नोकरी’ आणि ‘काम’ हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतो. पोलाद कारखान्यातल्या कायम कामगाराला नोकरी असते. ठेक्यावरच्या माणसाला फक्त काम असते. दोघे एकाच आवारात घाम गाळतात, पण त्यांची मुले वेगळ्या शाळांत जातात, सोयरिकी वेगळ्या होतात, म्हातारपणही वेगळे असते. एका वर्गाचे दोन वर्ग झाले आहेत.

हा निष्कर्ष ऊर्जा-संक्रमणाच्या चर्चेत आणून ठेवला की त्याचे महत्त्व उमगते. नुकसानभरपाई, पुनर्प्रशिक्षण, बदली यांच्या योजना आखल्या जातात त्या हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी, म्हणजे नोकरीवाल्यांसाठी. भनपुरी-उरल्यात बहुसंख्य माणसांजवळ काम आहे, नोकरी नाही. कोणी बिहार, झारखंड, ओडिशातून आलेला आहे, कोणी जवळच्या गावातून सायकलीने येतो, कोणी पेरणीच्या दिवसांत शेतावर परततो. अशा माणसाला योजनेचा लाभ द्यायचा तर आधी तो कोण, कोठला आणि कोणाच्या आधारे जगतो हे माहीत पाहिजे. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत कंत्राटी कामगारांचा आकडा मिळतो; त्या आकड्यामागचे घर मिळत नाही. कारखान्यांच्या दारातला चहावाला, ट्रकवरचा हमाल, खोल्या भाड्याने देऊन पोट भरणारी विधवा हे तर त्या आकड्यातही नाहीत.

घरातल्या चुलीचेही तसेच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत दहा कोटींच्या वर गॅसजोडण्या दिल्या गेल्या. पण सिलिंडर संपल्यावर तो पुन्हा भरण्याचे पैसे घरात कोण देतो आणि तो निर्णय कोण घेतो, यावर बाईच्या डोळ्यांतला धूर अवलंबून असतो. जोडणी दिली म्हणजे इंधन बदलले असे होत नाही. हे घराच्या आत जाऊन विचारणाऱ्यालाच कळते.

गिरणगावचा धडा

मुंबईचे उदाहरण आपल्याला विसरता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचा विकास करण्याची वाट मोकळी केली. १९९६ साली चार्ल्स कोरिया समितीने त्या जमिनींचा विचार केला. जमीन वारंवार मोजली गेली. माणसांची मोजदाद मात्र मागाहून झाली. डच अभ्यासक व्हॅन वेर्श यांचा संपावरील ग्रंथ १९९२ साली आला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडची हकिगत ग्रंथरूपाने मांडली ती २००४ साली. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण ती आली तेव्हा फासे पडून गेले होते. ज्ञान वेळेवर आले नाही तर ते इतिहास होते; धोरण होत नाही. भनपुरीच्या बाबतीत तेच घडू द्यायचे काय?

परदेशांतील अनुभव

जर्मनीच्या रूहर खोऱ्यात कोळशाची पीछेहाट १९५८च्या सुमारास सुरू झाली आणि शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. म्हणजे साठ वर्षे लागली. १९५१च्या कायद्याने कोळसा व पोलाद उद्योगांच्या संचालक मंडळांत कामगारांना बरोबरीचे स्थान होते, म्हणून बंदीचा वेग, लवकर निवृत्ती, नवी विद्यापीठे यांचा हिशेब कामगारांच्या देखत झाला. याउलट दक्षिण आफ्रिकेतले कोमाती वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले तेव्हा कायम नोकरांच्या बदल्या झाल्या. कंत्राटी कामगार आणि केंद्राभोवतीची वस्ती यांच्या हाती फारसे काही लागले नाही. कोमातीची परिस्थिती भनपुरीशी अधिक जुळते हे वाचकांच्या लक्षात येईलच.

आणखी एक घटना आठवावीशी वाटते. १९७०च्या दशकात ब्रिटनमधील लुकास एरोस्पेस कंपनीच्या कामगार प्रतिनिधींनी, कपात टाळण्यासाठी शस्त्रांऐवजी काय बनवता येईल, असे विचारणारी पत्रे नामवंत तज्ज्ञांना व संस्थांना पाठवली. उत्तरे देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. मग त्यांनी प्रश्नावली काढून आपल्याच सभासदांना विचारले, आणि १९७६ साली सुमारे दीडशे वस्तूंची योजना मांडली. तीत पवनचक्क्या होत्या, उष्णता-पंप होते. व्यवस्थापनाने ती योजना फेटाळली. आज तीच यंत्रे हरित उद्योगाचा कणा म्हणून विकली जातात. कामगाराजवळ ज्ञान असते. ते गोळा करण्याची पद्धत मात्र हवी, आणि ती समाजशास्त्राजवळ आहे.

आपला वारसा

हे शास्त्र आपल्याकडे आले तेच मुळी जमीन, श्रम आणि वस्ती यांचा एकत्र विचार करत. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू करणारे पॅट्रिक गेडिस यांनी त्यापूर्वीच, १९१५ साली, कोळसा-वाफेचे जुने यंत्रयुग आणि विजेचे नवे यंत्रयुग असा भेद केला होता. लखनौचे राधाकमल मुखर्जी यांनी १९२६ साली प्रादेशिक समाजशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि १९४५ साली भारतीय कामगार वर्गावर. निसर्ग आणि कामगार हे दोन विषय त्यांना वेगळे वाटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे यांचे धोरणही त्याच खात्याकडे होते. वीज आणि मजूर एकाच टेबलावर होते. आज वीज एका मंत्रालयात, कोळसा दुसऱ्या, पोलाद तिसऱ्या, हवामान चौथ्या आणि कामगार पाचव्या मंत्रालयात आहे. त्या पाचव्याला बहुधा सर्वांत शेवटी बोलावले जाते.

आक्षेप आणि उत्तर

आमचे काही सहकारी म्हणतात, विद्यापीठाची माणसे येतात, अर्ज भरून घेतात, निघून जातात. अहवाल इंग्रजीत निघतो आणि कामगाराच्या हाती काही लागत नाही. हा आक्षेप खरा आहे. दुसरीही गोष्ट खरी आहे: प्रकल्पाच्या ‘सामाजिक परिणामां’चा अहवाल प्रकल्पवाल्याच्याच पैशाने तयार होतो तेव्हा त्यात काय लिहिले जाईल हे आधीच सांगता येते. पण यावर उपाय अभ्यास नाकारणे हा नाही. अभ्यासाच्या अटी आपण ठरवल्या पाहिजेत.

दल्ली-राजहराच्या खाणींत यांत्रिकीकरणाचा प्रश्न आला तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने नुसता नकार दिला नाही. यंत्र आणि हात यांची सांगड घालणारी अर्ध-यांत्रिकीकरणाची योजना तिने पुढे ठेवली. नियोगींचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी खून झाला. त्यांच्या सर्व राजकीय मतांशी सर्वांचे जुळले असे नाही. तरीही तंत्रज्ञानाच्या प्रश्नावर कामगारांनी आपला हिशेब घेऊन बोलणीच्या टेबलावर बसायचे, हा धडा छत्तीसगडच्याच मातीतला आहे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, भनपुरी, उरला, सिलतरा यांसारख्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात, भट्टी बदलण्याचा निर्णय होण्यापूर्वी, घरोघर समाजशास्त्रीय पाहणी व्हावी. तीत कंत्राटी, स्थलांतरित, स्त्री कामगार आणि कारखान्यावर अवलंबून असलेले लहान व्यावसायिक यांचा समावेश असावा.

दोन, प्रश्नावली ठरवताना कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसावेत आणि पाहणीचा खर्च मालकाकडून परस्पर न होता सार्वजनिक निधीतून व्हावा.

तीन, अहवाल हिंदी, छत्तीसगढी, मराठी अशा कामगारांच्या भाषांत छापून वस्तीत वाचून दाखवावा. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते तपासता आले पाहिजे.

चार, झारखंड सरकारने २०२२ साली न्याय्य संक्रमणासाठी कृतिदल नेमले, तसे दल छत्तीसगड व महाराष्ट्रातही असावे आणि त्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत.

पाच, आपल्या शाखांनी सरकारची वाट पाहत बसू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथेही स्पंज आयर्न तयार होते. प्रत्येक शाखेने आपल्या कारखान्यात कोण कोठून येतो, कोणत्या ठेकेदाराकडे आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही, घरात किती तोंडे आहेत, याची वही तयार करावी. जवळच्या महाविद्यालयातील समाजशास्त्राच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना या कामी बोलवावे.

२०१५च्या पॅरिस करारात कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आला तो अमेरिकेतील टोनी मॅझोकी यांच्यासारख्या कामगार नेत्यांनी तो विचार आधीच मांडून लावून धरला म्हणून. प्रस्तावनेतला उल्लेख भनपुरीच्या भट्टीपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. मालकाजवळ कार्बनचा हिशेब तयार आहे. माणसांचा हिशेब आपण तयार ठेवला, तरच बोलणीच्या दिवशी आपल्या हाती वही असेल. शाखांनी या पावसाळ्याआधी कामाला लागावे, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.