४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या सापडली; तुमच्या बँक खात्याशी तिचा काय संबंध?

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येची घोषणा झाली. अशी बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: याचा उपयोग काय, आणि यामुळे ऑनलाइन व्यवहार जास्त सुरक्षित होतील का?

संख्या नेमकी कोणती?

१३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून १ वजा करा. येणारी संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. सेकंदाला एक अंक वाचला, तरी न थांबता सुमारे ४७५ दिवस लागतील. याआधीचा, २०१८ मधला विक्रम २,४८,६२,०४८ अंकांचा होता.

३, ७, ३१ याही अशाच तयार होतात. त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात आणि ही ५२ वी ज्ञात संख्या आहे. पण ही रीत दरवेळी चालत नाही. ११ वेळा २ घेतले तर २०४७ मिळतात, आणि ते म्हणजे २३ गुणिले ८९. म्हणूनच प्रत्येक संख्या तपासावी लागते.

कोणी शोधली?

‘गिम्प्स’ या १९९६ पासूनच्या स्वयंसेवी प्रकल्पात सहभागी असलेल्या अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांनी. पूर्वी घरगुती कॉम्प्युटरवर होणारं हे काम त्यांनी अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधल्या ग्राफिक्स चिपकडून करून घेतलं. डब्लिनमधल्या चिपने पहिला इशारा दिला, टेक्सासमधल्या चिपने खात्री केली.

बँकेसाठी उपयोग?

थेट काहीच नाही. ‘आरएसए’ या प्रचलित पद्धतीत सुमारे ३०० अंकी दोन मूळ संख्या निवडून त्यांचा गुणाकार केला जातो. गुणाकार जाहीर असतो, त्या दोन संख्या मात्र गुप्त असतात. जगाला माहीत असलेली संख्या वापरणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगण्यासारखं आहे.

संख्या मूळ आहे का, हे लवकर तपासता येतं. त्याची एक महत्त्वाची पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी मांडली. मात्र मोठ्या गुणाकारातून मूळ अवयव शोधणं फार अवघड आहे. २०२० मध्ये २५० अंकी ‘आरएसए’ संख्या फोडायलाही हजारो कॉम्प्युटर लागले. आज सर्रास वापरली जाणारी संख्या ६१७ अंकी असते.

मग धोका कुठे आहे?

पुरेसा शक्तिशाली क्वांटम कॉम्प्युटर तयार झाला, तर हेच अवघड काम सोपं होईल. म्हणूनच अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला तोंड देऊ शकणारी नवी मानकं जाहीर केली. तुमच्या पैशांच्या दृष्टीने विक्रमी संख्येपेक्षा ही बातमी जास्त महत्त्वाची आहे.