विश्लेषण : स्कोप लावताच नेम का चुकतो? दोष माउसचा की आकड्याचा?

‘काउंटर-स्ट्राइक 2’सारख्या नेमबाजीच्या गेममध्ये साध्या बंदुकीने अचूक मारणारा खेळाडू स्नायपर हाती घेताच गडबडतो, हे नेहमीचेच दृश्य. मग महागडा माउस येतो, नामांकित खेळाडूंची सेटिंग्ज जशीच्या तशी उतरवली जातात. गोम मात्र अनेकदा ‘झूम सेन्सिटिव्हिटी’ या एका आकड्यात असते.

स्कोप लावल्यावर काय बदलते?

या गेममध्ये 4:3 पडद्यावर दृश्यकोन 90 अंशांचा असतो. एडब्ल्यूपी या स्नायपरच्या पहिल्या झूममध्ये तो 40 अंश होतो, दुसऱ्यात 10. पडदा तेवढाच, पण त्यावर मावणारे जग कमी. माउसचा वेग तोच राहिला तर हात जरा हलताच निशाणा लक्ष्य ओलांडून जाईल. म्हणून गेम हा वेग कोनांच्या प्रमाणात घटवतो : 40 भागिले 90, म्हणजे 0.44 पट. सेटिंगमधल्या ‘1’चा अर्थ एवढाच.

तरीही वेग जास्त का वाटतो?

भिंतीसमोर उभे राहून टॉर्च एकसारख्या गतीने फिरवली, तर प्रकाशाचा ठिपका समोर हळू आणि बाजूला भरभर सरकतो. सपाट पडद्यावरही तेच घडते : कडेचे चित्र ताणलेले असते. झूम केल्यावर हा ताण कमी होतो. त्यामुळे साधे आणि झूमचे दृश्य सगळ्या ठिकाणी एकाच वेळी जुळत नाही. मध्यभागी वेग जुळवायचा तर 0.36 पट हवे, म्हणजे सेटिंग 0.82. ‘1’ ठेवल्यास 4:3 पडद्यावर मध्यापासून डाव्या-उजव्या कडेपर्यंत जायला हाताला तेवढेच अंतर लागते. पण मध्यभागी निशाणा सुमारे 22 टक्के जास्त वेगाने पळतो.

कोणता आकडा निवडावा?

स्कोपमधून पाहताना शत्रू बहुधा निशाण्याजवळच असतो आणि हाताला बारीक दुरुस्ती करायची असते. म्हणून बहुतेकांसाठी 0.82 हा समंजस प्रारंभ आहे. झटक्यात कडेपर्यंत जाऊन मारणाऱ्यांना ‘1’ सोयीचा वाटू शकतो. दुसऱ्या झूमला मात्र मध्यभागी जुळणारा आकडा 0.79 येतो. एकच आकडा दोन्ही झूमना तंतोतंत बसत नाही. तेव्हा दशांशांच्या मागे लागून रोज सेटिंग बदलण्यात अर्थ नाही. त्याने हाताला सवयच लागत नाही.

कंपन्यांची जबाबदारी काय?

हा प्रश्न फक्त संगणकापुरता नाही. मोबाइलवरील ‘बीजीएमआय’मध्ये प्रत्येक स्कोपसाठी वेगळी सेन्सिटिव्हिटी ठेवता येते, फरक इतकाच की तिथे माउसच्या जागी बोट असते. पर्याय भरपूर, पण आकड्याने पडद्यावर नेमके काय जुळते, याचा खुलासा मेन्यूत सहसा नसतो. ‘बॅटलफील्ड’ मालिकेत जुळणीचा बिंदू ठरवण्याची सोय आहे, पण ‘युनिफॉर्म सोल्जर एमिंग कोएफिशंट’ या नावावरून नवख्याला काय कळणार? ‘मध्यभागी जुळवा’ किंवा ‘कडेला जुळवा’ असे दोन साधे पर्याय आणि खाली एका ओळीचा खुलासा, एवढे पुरेसे आहे. ते होईपर्यंत नवा माउस घेण्याआधी खेळाडूंनी हा आकडा एकदा तपासावा. त्याला पैसे पडत नाहीत.