थर्मोस्टॅट बदलण्याआधी वायर तपासा

दिवाळी जवळ आली की दर्यापूर-बनोशात गिझरची कामे वाढू लागतात. उन्हाळाभर बंद पडलेला गिझर नरक चतुर्दशीच्या पहाटे सुरू व्हायलाच हवा असतो. ‘थर्मोस्टॅट गेला असेल, बदलून टाका,’ असे घरमालक सांगतो. आपण झाकण उघडतो, मोबाइलवर जोडणीचा फोटो घेतो आणि नवा थर्मोस्टॅट त्या फोटोबरहुकूम बसवतो. फोटो जरूर घ्यावा. पण आधीच्या कारागिराने काय केले एवढेच त्यात दिसते; ते बरोबर होते की नाही, ते दिसत नाही.

बरोबर जोडणी अशी: फेज आधी थर्मोस्टॅटला, तिथून कटआउटला, मग एलिमेंटला, न्यूट्रल थेट एलिमेंटच्या दुसऱ्या टोकाला, अर्थ टाकीच्या धातूला. काही कटआउट फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतात, म्हणून डब्यातली आकृती वाचल्याशिवाय स्क्रू आवळू नये. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडत बसतो. पाणी तापले, दिवा विझला, तरी एलिमेंटवर 230 व्होल्ट कायम असतात.

हा दोष आपल्या भागात जास्त घातक ठरतो. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. बोअरचे पाणी टाकीत जाणाऱ्या घरात एलिमेंटवर क्षारांचा थर चढतो, नळी आतून तापून फुटते आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते. त्यात अर्थिंग तुटलेले असेल तर नळाखाली हात धरणाऱ्यालाच झटका बसतो.

थर चढला की थर्मोस्टॅटला पाण्याचे तापमान उशिरा कळते, कटआउट वारंवार पडतो. मग ‘दोन वेळा बदलला तरी तेच’ म्हणून कुणीतरी कटआउटच डायरेक्ट करून टाकतो. हे काम कोणत्याही कारणासाठी, कुणाच्याही आग्रहाखातर करू नये. कटआउट पडतोय म्हणजे एलिमेंट काढून साफ करायचे आहे किंवा बदलायचे आहे. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अॅनोड किती उरला तेही बघावे. खाऱ्या पाण्यात तो लवकर झिजतो.

रंगांवर विसंबू नये. तीन फेजच्या घरगुती वायरिंगमध्ये निळा हा फेज असतो, तर गिझरच्या लवचीक केबलमध्ये निळा न्यूट्रल आणि तपकिरी फेज. जुन्या वाड्यांत तर मिळेल त्या रंगाची वायर ओढलेली आढळते. टेस्टरचा दिवाही पुरेसा नाही. शेजारच्या वायरमुळे तरंगत्या तारेवरही तो मिणमिणतो. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजाव्यात. मग एमसीबी पाडून, पुरवठा बंद झाल्याची खात्री करून, एलिमेंट सुटे करून ओहममध्ये मोजावे: 2000 वॉटचे असेल तर सुमारे 26 ओहम यायला हवेत. त्यानंतर एलिमेंट आणि टाकी यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर लावावा. एलिमेंट गळत असेल तर नव्या थर्मोस्टॅटचा काहीच उपयोग नाही.

अर्थिंगबाबत एक सांगणे आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. शिवाय खारी जमीन जस्ताचा लेप खाते. पावसाळ्यात चांगले आलेले मोजमाप मे महिन्यात तसेच राहील असे धरू नये. गिझरच्या सर्किटला 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर घरमालकाला तो बसवायला सांगावेच, पण तो आहे म्हणून अर्थिंगकडे डोळेझाक करू नये.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तासाभराच्या तपासणीचे पैसे मागायला आपले लोक संकोचतात. बिलात तपासणीची वेगळी ओळ लिहा. मोजलेले आकडे आणि जोडणीची छोटी आकृती कागदावर काढून ग्राहकाला द्या, दुसरी प्रत गिझरच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला मग कशाचाही अंदाज बांधावा लागणार नाही.